भिंतीच्या आतला इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की सोसायटीचा इतिहास आलाच. भूमिपूजनाचा फोटो, पहिली कार्यकारिणी, पहिला गणपती, बोअरवेलला पाणी लागलं तो दिवस. ते सगळं या अंकात इतर सभासदांनी लिहिलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी ज्याचा इतिहास लिहितो आहे ती वस्तू कुणाच्याच फोटोत नाही, कारण ती प्लास्टरच्या आत आहे. आपल्या प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी पाईप टाकून जी वायर ओढली गेली, तिचं तोंड त्यानंतर बहुतेकांनी पाहिलेलं नाही. रंग तीनदा झाला, टाईल्स बदलल्या, किचनला ट्रॉल्या आल्या. वायर तीच.

घरातली वायरिंग ही गोष्ट दिसते तितकी जुनी नाही, आणि तिचे नियम मात्र तिच्याइतकेच जुने आहेत. लंडनमध्ये १८८२ साली तारायंत्र आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी पहिली नियमावली काढली. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. म्हणजे आपल्या राज्यात वीज आली तेव्हाच तिकडे आगीच्या भीतीने कायदेकानून लिहिणं सुरू झालेलं होतं. असे नियम आगीच्या विमा कंपन्यांनाही हवे होते, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला धोका आधी दिसतो.

घरोघरी वीज मात्र सावकाश आली. मुंबईत १९०५ साली बीईएसटीची मूळ कंपनी निघाली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१० साली भारतीय वीज कायदा झाला. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. इथे वीज पुरवायची ती नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी. खाजगी कंपनी होती. या कंपनीचं नाव आजही वकील मंडळींना ठाऊक असतं, कारण कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्याच्या प्रश्नावर तिचा एक खटला १९५८ साली सुप्रीम कोर्टात निकाली निघाला आणि तो कामगार कायद्याच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. विजेच्या कंपनीची आठवण कारकुनाच्या नोकरीमुळे टिकावी, हेही नागपूरच!

पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. शहराचा पुरवठाही यथावकाश मंडळाकडे आला. कोराडीचा पहिला संच १९७४ चा. मंडळाची २००५ मध्ये वाटणी होऊन महावितरण झालं. मधल्या काळात, २०११ पासून २०१९ पर्यंत, महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांचा कारभार खाजगी फ्रँचायझीकडे होता, तो काळ सगळ्यांना आठवतो. बिलावरचं नाव इतक्या वेळा बदललं, पण मीटरच्या अलीकडची तार कुणाचीच जबाबदारी झाली नाही. ती आपली होती आणि आहे. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

आता तारेकडे वळू.

महालातल्या किंवा इतवारीतल्या जुन्या वाड्यात कधी गेलात तर वर बघा. सागवानी तुळया, त्यावर कडीपाट, आणि तुळईच्या कडेने चिनी मातीचे पांढरे तुकडे ओळीने बसवलेले दिसतील. त्यांना क्लीट म्हणतात. दोन अर्ध्या तुकड्यांच्या खाचेत दोन तारा धरायच्या आणि मधून स्क्रू मारायचा. तारा उघड्यावर, हवेत, एकमेकींपासून लांब. दिसायला गबाळं, पण या पद्धतीत एक मोठा गुण होता: काय बिघडलं ते खाली उभं राहून दिसायचं. उंदराने कुरतडलं, कावळ्याने ओढलं, पाणी गळलं, सगळं डोळ्यासमोर. तात्पुरत्या कामाला, मांडवाला वगैरे ती ठीक होती. राहत्या घरात धूळ आणि धूर बसून तारांवर थर चढायचा आणि हात पोचेल तिथे धोका असायचा.

श्रीमंताघरी केसिंग-कॅपिंग असायचं. सागवानी पट्टीला दोन खोबणी, एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल, आणि वरून लाकडाचं झाकण. तार कापडाचं वेष्टन घातलेली, आत रबर. हे काम करायला चांगला सुतार लागायचा. कोपऱ्यावर दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशात मिळवणं हे इलेक्ट्रिशियनचं काम नव्हे. ओल लागू नये म्हणून पट्टी भिंतीपासून थोडी उचलून, मागे चिनी मातीच्या चकत्या ठेवून बसवायचे. तरीही नागपूरचा पावसाळा आणि वाळवी यांच्यापुढे लाकूड किती दिवस टिकणार? आणि रबर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वाळतं, कडक होतं, हात लावला की बिस्किटासारखं तुटतं. वाड्यातली जुनी तार वाकवून पाहण्याचा मोह म्हणून टाळावा. न हलवता ती आणखी दहा वर्षं चालेल, हलवली की त्याच दिवशी शॉर्ट.

आपल्यापैकी साठीच्या पुढच्या लोकांचं बालपण ज्या वायरिंगखाली गेलं ती तिसरी पद्धत, पट्टीवरची वायरिंग. सागवानी बॅटन, त्यावर काळी किंवा राखी रबरी कवचाची वायर, आणि ती धरायला पितळी क्लिपा. नंदनवनात नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमध्ये सुरुवातीला जी स्वतंत्र घरं बांधली गेली, त्यातल्या जुन्या घरांत अजूनही ही पट्टी दिसते. कुणी वरून ऑइल पेंट मारला आहे, कुणी तिच्यावर दसऱ्याचं तोरण लटकवतात.

या पट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वायर धरून ठेवण्याचं शास्त्र तिच्याइतकं स्वच्छ नंतर कुठेच दिसत नाही. पट्टी भिंतीवर चढवण्याआधीच खाली टेबलावर किंवा जमिनीवर ठेवून क्लिपा मारायच्या. आडव्या पट्टीवर दर १० सेंटिमीटरला एक क्लिप, उभ्या पट्टीवर दर १५ सेंटिमीटरला. मग भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकून, पाऊण मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, स्क्रूने पट्टी बसवायची. वळणावर वायर काटकोनात मोडायची नाही. तिच्या जाडीच्या सहापट तरी त्रिज्येने गोलाई द्यायची. भिंतीतून पलीकडे जाताना नळीतून, वरच्या मजल्यावर जाताना जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत पाईपमधून. आणि मधे कुठेही जोड द्यायचा नाही. जोड फक्त स्विचमध्ये, होल्डरमध्ये किंवा छताच्या सीलिंग रोझमध्ये, जिथे उद्या झाकण उघडून बघता येईल.

आडव्याला दहा आणि उभ्याला पंधरा का, असा प्रश्न कोणालाही पडेल. आडवी वायर दोन क्लिपांच्या मधे झोळ खाते, आणि वर्षानुवर्षं झोळ खात राहिली की तो ताण सरकत सरकत शेवटी टोकाला, म्हणजे स्क्रूखाली पकडलेल्या तांब्यावर येतो. स्क्रूचं काम तांबं पट्टीला टेकवून ठेवण्याचं आहे. वायरीचं वजन पेलायचं काम त्याचं नाही. वजन आलं की पकड ढिली होते, ढिल्या पकडीत रोध वाढतो, रोध वाढला की तिथे उष्णता, उष्णतेने धातू फुगतो-आकसतो आणि पकड आणखी ढिली होते. घरातल्या बोर्डावर जो तपकिरी डाग दिसतो, ज्या प्लगजवळ जळकट वास येतो, त्यातल्या बहुतेक वेळा वायर मधे जळालेली नसते, टोक जळालेलं असतं. आपल्या भागातले इलेक्ट्रिशियन हे एका वाक्यात सांगतात: "काकू, वायर चांगली आहे तुमची, जोडच ढिला होऊन राहिला."

भिंतीतल्या त्या लाकडी गुल्लीचाही इतिहास गमतीचा आहे. लाकूड वाळलं की गुल्ली भोकात सैल व्हायची आणि पट्टीसकट बाहेर यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान भिंतीवर बसवायचं होतं आणि दगडाची मोडतोड करायची नव्हती. रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराने तागाच्या धाग्यांची नळी करून भोकात घातली. स्क्रू आत गेला की नळी फुगून भिंतीला घट्ट बसायची. १९११ च्या सुमारास त्याने पेटंट घेतलं आणि रॉलप्लग हा शब्द जगभर गेला. पुढे १९५८ मध्ये आर्टर फिशर या जर्मन माणसाने नायलॉनचा प्लग काढला. आज हार्डवेअरच्या दुकानात आपण मूठभर मागतो ती प्लास्टिकची गिट्टी त्याच कुळातली. म्हणजे टीव्हीचा स्टँड, पडद्याचा रॉड, बाथरूमचा आरसा हे सगळं ज्यावर टांगलेलं आहे, ती वस्तू मुळात विजेचं फिटिंग धरण्यासाठी जन्माला आली.

१९६० आणि ७० च्या दशकांत एक वेगळाच अध्याय झाला, अ‍ॅल्युमिनियमचा. तांबं बाहेरून आणावं लागायचं, परकीय चलनाची चणचण, म्हणून घरगुती वायरिंगलाही अ‍ॅल्युमिनियम आलं. वीज वाहून नेण्यात हा धातू वाईट नाही, खांबांवरच्या तारा त्याच्याच असतात. पण स्क्रूखाली दाबला की तो हळूहळू दबत जातो, आणि त्याच्यावर ऑक्साईडचा जो थर चढतो तो वीज नीट जाऊ देत नाही. पितळी टर्मिनलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं एकच जाड टोक, वरून नागपूरचा मे महिना. त्या काळात बांधलेल्या घरांत स्विच वरचेवर जळण्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. आजूबाजूच्या लेआउटमध्ये सभासदांची किंवा त्यांच्या आईवडिलांची तेव्हाची घरं असतील, तर बोर्ड उघडून धातूचा रंग पाहून घ्यावा, अर्थात मेन बंद करून आणि परवानाधारक माणसाकडून. पांढरा असेल तर निदान जास्त भाराचे पॉइंट तरी तांब्याचे करून घ्यावेत. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम नुसतं पिळून एकमेकांना जोडणं, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

आपली फ्लॅट स्कीम उभी राहिली तोवर रबर गेलं होतं, पीव्हीसी आलं होतं, तांबं परतलं होतं आणि पट्टी जाऊन सगळं भिंतीत लपलं होतं. स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट टाकायच्या आधी पाईप अंथरायचे, पंख्याच्या जागी हुक असलेला डबा सळईत अडकवायचा, भिंतींत झिरी मारून पाईप खाली बोर्डापर्यंत आणायचे आणि प्लास्टरनंतर वायरी ओढायच्या. इथे वायर धरून ठेवायचं काम पाईप करतो. क्लिप नाही, झोळ नाही, उंदीर नाही, वाळवी नाही. पट्टीपेक्षा ही पद्धत नक्कीच चांगली. फक्त तिची दोन पथ्यं आहेत, आणि दोन्ही घरमालकाच्या हातात असतात, ठेकेदाराच्या नाही.

पहिलं पथ्य पाईप न कोंबण्याचं. पाईपमध्ये हवा राहायला हवी. तिच्यामुळे वायर थंड राहते आणि उद्या जुनी ओढून नवी घालता येते. एसी आला, त्याच पाईपमधून आणखी दोन वायरी. इन्व्हर्टर आला, आणखी दोन. पाईप गच्च भरला की कोणतीही वायर बदलता येत नाही आणि सगळ्या एकमेकींना तापवत बसतात. साध्या पीव्हीसी वायरीचं कवच ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतं आणि तिची क्षमता भोवताली ४० अंश धरून मोजतात. नागपुरात २३ मे २०१३ ला सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंश नोंदले गेले होते. वरच्या मजल्याची गच्ची अशा दिवशी किती तापत असेल आणि त्या स्लॅबच्या पोटातला पाईप किती, याचा अंदाज शेवटच्या मजल्यावरच्या सभासदांना कुणी द्यायची गरज नाही.

दुसरं पथ्य भिंतीला भोक पाडण्याचं. बोर्डापासून वायर सरळ उभी वर जाते किंवा सरळ खाली येते, असं धरून चालायचं असतं. म्हणून बोर्डाच्या वर आणि खाली ड्रिल लावायचं नाही. चांगल्या कारागिराने झिरी तिरकी मारलेली नसते. पण मारलेली असेलच तर ते पंचवीस वर्षांनी कळायचा मार्ग एकच, ड्रिल. आणि तो फार वाईट मार्ग आहे.

पंख्याबद्दल एक वाक्य लिहून पुढे जातो, नाहीतर राहून जाईल. हुकावर पंखा ज्या रबरी बुशवर आणि बोल्टवर लटकतो, ते रबरही पंचवीस वर्षांचं झालं आहे. रंगकाम करताना पंखा उतरवला की बुश आणि कॉटर पिन नवी घालावी, खर्च चहापाण्याएवढाच आहे.

आता कूलर. नागपूरच्या वीज-इतिहासात कूलरला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवं. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, वर मोटर, तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्या, आणि बाहेर उभा ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, हातात पाण्याचा पाईप. विजेचा धक्का बसण्यासाठी याहून सोयीची रचना ठरवून करायची म्हटली तरी जमणार नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या करंटने माणसं जातात, लहान मुलं जातात. दर उन्हाळ्यात महावितरणचं आवाहन पेपरात येतं: पाणी भरताना प्लग काढा, कूलर थ्री-पिनवरच लावा, अर्थिंग तपासा. आपण ते वाचतो आणि पाणी भरायला जातो.

थ्री-पिनमधली वरची पिन लांब आणि जाड का असते, हे शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. लांब यासाठी की प्लग खुपसताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड यासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. एवढा विचार करून बनवलेली पिन आपल्याकडे बोर्ड जुना आहे म्हणून कापली जाते, किंवा सॉकेटमध्ये तिच्यामागे वायरच नसते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर आणि त्याची वायर खिडकीच्या दारात चेमटलेली, हे दृश्य तर आपल्या कुठल्याही गल्लीत दिसेल. वायर धरून ठेवायची ती क्लिपेने. इथे खिडकीच्या पल्ल्याने धरलेली असते.

पिन शाबूत, वायर शाबूत, तरी एक प्रश्न उरतो: ती वायर जमिनीत कुठे जाते? इमारत बांधताना खड्डा खणून त्यात जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी किंवा पाईप पुरलेला असतो, भोवती कोळसा आणि मीठ. हे काम करतं ते ओलाव्यावर. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकट आणि ओली असते, तेव्हा अर्थिंग उत्तम. मे महिन्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे वर्षातून ज्या दोन-अडीच महिन्यांत कूलर चालतो, नेमकं त्याच दिवसांत आपलं अर्थिंग सगळ्यात दुबळं असतं. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे. लोकांना ते अंधश्रद्धेसारखं वाटायचं. ती काही अंधश्रद्धा नव्हे.

साधा हिशेब करून पाहू. समजा कूलरच्या पेटीत फेज उतरली आणि वाळलेल्या मातीमुळे अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम झाला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. त्या पॉइंटवर १६ अँपियरचा एमसीबी आहे. तो पडणारच नाही. त्याच्या दृष्टीने एक गिझर चालू आहे, बस. पेटीवर मात्र जीव घेण्याइतका दाब उभा. एमसीबी किंवा फ्यूज वायरीला आगीपासून वाचवायला असतो. माणसाला वाचवायला बसवलेलाच नसतो, हे पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं. त्याला आरसीसीबी म्हणतात. आपले लोक जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ते पाहत असतं. फरक ३० मिलिअँपियरच्या घरात गेला, म्हणजे एका अँपियरच्या शंभर भागांतले तीन भाग, की क्षणात पुरवठा तोडतं. वरच्या उदाहरणात साडेअकरा अँपियर बाहेर पळत होते. या उपकरणाला तेवढ्याची गरजच नाही. त्याचा जन्म १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींच्या कामातून झाला. तिथेही प्रश्न आपल्यासारखाच होता, ओली जागा, लोखंड आणि उघडे पाय.

आपल्या देशात १९५६ च्या वीज नियमांत पुढे भर घालून ५ किलोवॅटहून जास्त भाराच्या ठिकाणी असं उपकरण सक्तीचं झालं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी ही मर्यादा २ किलोवॅटवर आणली. २०२३ मध्ये नवे विनियम आले. आता आपली इमारत या तारखांमध्ये कुठे बसते ते बघा. आपण बांधलो तेव्हा जुने नियम होते आणि प्रत्येक फ्लॅटचा मंजूर भार थोडका. म्हणून आपल्या मूळ बोर्डांवर हे उपकरण नाही. बिल्डरने फसवलं असं त्यात काही नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ते लागतच नव्हतं. मधल्या काळात आपण घर बदललं, बोर्ड तोच राहिला. ज्यांनी नंतर स्वतः होऊन ते बसवलं त्यांनी महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटन दाबून पाहावं. दाबल्यावर पडलं नाही तर ते नुसतं शोभेचं आहे.

घर किती बदललं ते आकड्यांत सांगतो. २००० सालच्या आसपास आपल्या घरात चार ट्यूबलाइट, तीन-चार पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, उन्हाळ्यात कूलर. सगळं एकदम लावलं तरी दीड किलोवॅटच्या पुढे क्वचित जायचं, म्हणजे सहा-सात अँपियर. आज दीड टनाचा एक एसी एकटा जवळपास तितकंच घेतो. दोन एसी आणि इंडक्शनची शेगडी मे महिन्याच्या रात्री नऊ वाजता एकदम सुरू असेल तर २२-२३ अँपियर. प्रवाह तिप्पट झाला की वायरीतली उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. मीटरपासून फ्लॅटपर्यंत जी वायर डकमधून वर येते, ती तेव्हाच्या हिशेबाने टाकलेली आहे.

आणि तो डक! जिन्याशेजारचं ते अरुंद कपाट उघडून सगळ्यांनी एकदा पाहावं. मीटररूमपासून वर जाणाऱ्या केबल प्रत्येक मजल्यावर पकडीने भिंतीला धरलेल्या असायला हव्यात, नाहीतर चार मजल्यांच्या केबलचं वजन वरच्या जोडावर येतं. पट्टी-क्लिपेच्या काळचाच नियम, फक्त वायर जाड आणि उभी. आपल्या डकमध्ये मूळ पकडी आहेत, पण केबल टीव्ही, टेलिफोन आणि आता इंटरनेट देणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या तारा त्याच पकडींना, नाहीतर थेट विजेच्या केबललाच बांधल्या आहेत. खाली जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि एक मोडका झाडू. आग लागली तर जिना हीच सगळ्यांची सुटकेची वाट आणि डक त्याच जिन्याला लागून.

खर्च कुणाचा, यावर वार्षिक सभेत दोनदा वाद झाला आहे, म्हणून सांगतो. आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे. फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची. मेन स्विचच्या आतलं सगळं सभासदाचं. म्हणजे मीटररूम, डक, मजल्यावरच्या केबल, जिन्यातले दिवे आणि अर्थिंगचे खड्डे हे सगळं सोसायटीच्या बाजूला येतं. ते आधी व्हायला हवं, कारण कुणी फ्लॅटमध्ये लाखभर रुपये घालून नवी वायरिंग केली आणि खालून येणारी केबल जुनीच राहिली, तर त्याने फक्त अर्धं काम केलं. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागायचा. ५०० व्होल्टच्या मेगरने तपासल्यावर वायरीचं इन्सुलेशन निदान एक मेगओहम दाखवायला हवं. कागदावर हा आकडा लिहून घ्या. नुसतं "सगळं ओके आहे" ऐकून घेऊ नका.

पार्किंगमध्ये ई-स्कूटर चार्ज करण्यासाठी पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली सोडलेल्या एक्स्टेंशनच्या वायरींबद्दल मी इथे लिहिणार होतो, पण संबंधित सभासद चांगले स्नेही आहेत आणि समितीने स्वतंत्र मीटरवर चार्जिंग पॉइंटचा प्रस्ताव ठेवला आहे, तेव्हा तो मंजूर होऊ द्या.

एक काम मात्र मंजुरीशिवाय आजच सुरू करता येईल. बिल्डरकडून आलेल्या कागदांत वायरिंगचा नकाशा नाही; इमारतीचा आहे, ड्रेनेजचा आहे, पाईप कुठून कसे गेले त्याचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने गेल्या दिवाळीआधी किचन नव्याने केलं, तेव्हा प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीशी मोजपट्टी धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवले. ते त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात आणून दिले. फ्लॅट नंबर आणि तारीख टाकून ते हिरव्या फाइलमध्ये लावले आहेत. फाइल सेक्रेटरींच्या कपाटात वरच्या खणात आहे, आणि तिच्यात सध्या फक्त त्या एकाच फ्लॅटची पानं आहेत.